नळी शिकवणारे आबा

किसनआबा पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा मी त्यांना उंबऱ्यातूनच सांगितलं, "तांदूळ नको."

त्यात माझा फारसा दोष नव्हता. आमच्या लोणावळ्यातल्या तुंगार्लीत मावळातले शेतकरी इंद्रायणी तांदूळ घेऊन दारोदार येतात, आणि समोरचा माणूस अगदी तसाच होता. गुडघ्याच्या जरा खाली आलेलं धोतर, पांढरी टोपी, खांद्याला फुगलेली रेक्झिनची पिशवी, वय सत्तरीच्या आसपास. शिवाय त्या दिवसांत मी कुणाशीच धड बोलत नव्हतो. मी दार लावायला लागलो तसे ते म्हणाले, "तांदूळ न्हाई आनला, मास्तर. नळी बगाय आलोय."

नळी माझ्या वडिलांच्या छातीत होती. अण्णा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, सगळी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला आणि छातीत पाणी साठायला लागलं. फुफ्फुसाभोवती पाणी झालं की श्वासाला जागाच उरत नाही. दर आठ-दहा दिवसांनी अण्णांना गाडीत घालून हॉस्पिटलात न्यायचं, पाठीत सुई घालून पाणी काढायचं, दोन-तीन दिवस बरे जायचे, की पुन्हा उशांवर उशा रचून बसल्या बसल्या झोप. चौथ्या खेपेला परत येताना अण्णा म्हणाले, "आता सुईला मी येणार नाही. जे व्हायचं ते घरी होऊ दे."

अण्णा एकदा बोलले की बोलले. तेव्हा डॉक्टरांनी हा दुसरा मार्ग सांगितला. बरगड्यांमधून एक मऊ नळी छातीत बसवून ठेवायची, तिचा वीतभर भाग बाहेर, टोकाला झडप. दिवसाआड घरच्या माणसाने ती पिशवीला जोडायची, पाणी काढायचं, पुन्हा झाकून ठेवायची. दर आठवड्याच्या खेपा बंद. फक्त घरच्या माणसाचा हात स्थिर हवा.

इथेच घोडं अडलं. घरचा माणूस म्हणजे मी. माझी बायको संध्या माझ्या दसपट धीट, पण सुनेसमोर अंगातला सदरा काढायला अण्णा तयार नव्हते. आणि मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय, फळ्यावर फुफ्फुसाची आकृती डोळे मिटून काढतो, पण इंजेक्शनची सुई दिसली की भिंत धरतो. हॉस्पिटलातल्या सिस्टरने मला दोनदा सगळं करून दाखवलं. दोन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघत होतो. तिच्या ते लक्षात आलं असणार, कारण निघताना तिने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "वडिवळ्याचे आबा आहेत. आमच्या स्टाफमधले नाहीत, पण बोलवा. येतील."

आबा गेले त्याला आता वर्ष होत आलं. नातं काही नव्हतं, जुनी ओळखही नव्हती. पण माझे वडील शेवटचे साडेचार महिने स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर राहू शकले ते या माणसामुळे, आणि हे मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं.

वडिवळ्याच्या धरणावर आबांनी उभी हयात गेटं चालवली. पाणी सोडायचं, पाणी अडवायचं, पातळी बघायची. त्यांची बायको इंदूबाई आजारी पडली, पोटात पाणी साठायला लागलं, तेव्हा तिलाही अशीच नळी बसवली होती, पोटाला. सिस्टरने आबांना शिकवलं. इंदूबाई गेल्यावर सिस्टरने एकदा दुसऱ्या कुणाला धीर द्यायला म्हणून आबांना बोलावलं आणि तेव्हापासून ते जातच राहिले. कान्ह्याला, मळवलीला, औंढ्याला, कुठे छातीची नळी, कुठे पोटाची. एसटीने जायचं, शिकवायचं, परत यायचं. घेत काही नसत. चहासुद्धा काम झाल्याशिवाय नाही.

त्यांची शिकवायची पद्धत मी आमच्या शाळेत कुणाची पाहिली नाही. पहिल्या दिवशी आत आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, नखं दावा."

मी दाखवली. शाळेत दर सोमवारी मी मुलांची बघतो तशी त्यांनी माझी नखं चष्मा लावून बघितली आणि पिशवीतून नेलकटर काढून माझ्यापुढे ठेवलं. मग मोरीत हात धुवायला नेलं. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्यात साबण, आणि धुवून झाल्यावर नळ कोपराने बंद करायचा. मी सवयीने हाताने बंद केला.

"परत," आबा म्हणाले.

तीनदा परत झालं. खोलीतून अण्णा ऐकत होते. कित्येक दिवसांनी त्यांच्या हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा.

मला वाटलं होतं की आता आबा नळी हातात घेतील आणि मी शेजारी उभा राहून बघेन. कसलं काय. ते खाटेपासून दोन हात लांब जमिनीवर मांडी घालून बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. म्हणाले, "मी हात लावनार न्हाई. मी लावला तर तुमचा हात शिकायचा न्हाई. मी तोंडानं सांगतो, तुमी करा."

"आबा, मला चक्कर येते."

"येऊंद्या. बसून करा. बसलेला मानूस पडून पडून कुटं पडनार?"

पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट सांगितली. सगळ्या घरांत ते हीच गोष्ट आधी सांगत, असं नंतर कळलं.

"मालकिनीच्या पोटात पानी झालं तवा मी काय केलं, सांगतो. मी धरनावरचा मानूस. आवक बंद केली की पातळी वाढत न्हाई, येवडंच मला ठावं. म्हनलं, पोटात पानी व्हतंय तर तोंडानं द्यायचंच कशाला? सकाळी एक पेला, सांच्याला एक पेला. माठ उचलून माळ्यावर ठिवला. चैत म्हैना. ती मागायची. 'वाइच द्या वो, घसा सुकला.' मी म्हनायचो, तुज्याच भल्यासाठी हाय. आठ दिवस असं केलं, मास्तर. मग तिला चक्कर आली, लघवी हुईना, हास्पिटलात नेली. डाक्टरीन बाई म्हनल्या, आबा, पोटातलं पानी तोंडातल्या पान्यानं होत न्हाई. रोगानं होतं. तुमी तिला तहानेनं मारत व्हता."

त्यांचा आवाज चढला नव्हता की उतरला नव्हता.

"त्याच्याम्होरं सात म्हैने जगली ती. मागंल तवा पाजलं. बरफाचा गोळा मागितला, त्यो बी दिला. पन ते आठ दिवस काय परत आलं न्हाईत."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि तांब्या भरून अण्णांच्या उशाशी आणून ठेवला. कारण गेले दोन आठवडे मी, विज्ञानाचा शिक्षक, त्यांना दिवसाला मोजून चार पेले पाणी देत होतो. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. मला ते उघडच वाटलं होतं. अण्णांनी तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा तो अर्धा झाला होता. आबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. या एका गोष्टीसाठी मी जन्मभर त्यांचा ऋणी राहीन.

मग नळी. हातमोजे कसे घालायचे, झडप औषधाने कशी पुसायची, पिशवीची नळी कशी बसवायची, हे सगळं आबा जमिनीवरून बोलत होते आणि माझे हात खाटेवर थरथरत होते. जोडून झाल्यावर मी पिशवीच्या नळीवरचा क्लॅम्प, म्हणजे नळी दाबून धरणारा चिमटा, उघडणार, तोच ते ओरडले, "थांबा! भोंगा?"

"कसला भोंगा?"

"धरनाचं पानी सोडायच्या आदी भोंगा वाजवत्यात. खाली नदीत कोन धुनं धुतंय, कोन ढोरं पाजतंय. न सांगता सोडत न्हाईत. त्येंना इचारा."

म्हणून मी विचारलं, "अण्णा, सोडू का?"

अण्णांच्या चेहऱ्यावर मी त्या आजारपणात पहिल्यांदा काहीतरी वेगळं पाहिलं. इतके दिवस त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. उठवायचे, वळवायचे, टोचायचे. ते खाकरले आणि ड्रायव्हरच्या आवाजात म्हणाले, "ब्रेक तपासला?"

"म्हंजी?" आबांनी विचारलं.

"घाट उतरायच्या आधी गाडी थांबवून ब्रेक तपासतात. बंद होतंय का ते आधी बघ, मग उघड."

आबांनी मांडीखालचे हात काढून गुडघ्यावर थाप मारली. "लय बेस! हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई." आणि त्या दिवसापासून आमच्या घरात क्लॅम्पची आधी दोनदा उघडमीट करून बघायची, मग अण्णांना विचारायचं, अण्णा 'सोड' म्हणाले की सोडायचं, असा शिरस्ता पडला. चहाच्या रंगाचं पाणी सावकाश पिशवीत उतरलं. अण्णांचा श्वास मोकळा होत गेला तो मला ऐकू येत होता. मला चक्कर आली नाही. आली असती तरी आबांनी बसल्या जागेवरून 'परत' म्हटलं असतं.

त्यानंतर आबा महिनाभर आठवड्यातून एकदा येत. माझा हात बघायला येतो म्हणायचे, पण खरं तर अण्णांशी भांडायला. धरण अवघड की घाट, हा वाद. अण्णा म्हणायचे, "तुमचं धरण एका जागी उभं असतं हो. आमची गाडी चालते." आबा म्हणायचे, "उबं हाय म्हनूनच भ्याव. गाडी निगून जाती, पानी कुटं जातंय?" दोघांनी आयुष्यभर काहीतरी प्रचंड मोठं सावकाश सोडायचं काम केलं होतं आणि तरुणपणी भेटले नाहीत याचं दोघांना वाईट वाटत होतं. अण्णांनी हे बोलूनही दाखवलं, आणि अण्णा सहसा असलं बोलत नसत.

आबांचा स्वभाव मात्र सोपा नव्हता. हेकट होते. ड्रेसिंग करताना पंखा बंद म्हणजे बंद, मग मे असो नाहीतर ऑक्टोबर. बघायला आलेली माणसं त्यांना खोलीत चालत नसत. आमचे नानाकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, एकदा दारातून मान घालून "किती निघालं? किती निघालं?" विचारायला लागले. आबांनी त्यांना अंगणात घालवलं आणि वर सांगितलं, "हितं काय जत्रा न्हाई." नानाकाका मोठ्या ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांनी हा अपमान अजून लक्षात ठेवलाय. आणि एक नियम आबांनी स्वतःवरही लावला होता. "नळीभवती लाल दिसलं, ताप आला, पानी गढूळ झालं, तर मला फोन करायचा न्हाई. हास्पिटलला करायचा. मी डाक्टर न्हाई, मी निस्ता गेटवाला."

जुलैत मी चूक केली. शाळेत तपासणी होती, उशीर झाला होता. भोंगा झाला, ब्रेक झाला, पण क्लॅम्प मी पूर्ण उघडला आणि अण्णांकडे पाठ करून शर्टाला इस्त्री करायला लागलो. मध्येच फोन आला, मुख्याध्यापकांचा. लिटरभर झालं की थांबायचं हे मला पाठ होतं, पण मी पिशवीकडेही बघितलं नाही. अण्णांना जो खोकला सुटला तो थांबेना. छाती आवळून धरली, ओठ पांढरे पडले. मी काय करावं? एका हाताने त्यांना धरलं आणि दुसऱ्या हाताने आबांना फोन लावला.

"बंद कर," आबा म्हणाले. तोवर ते मला मास्तर आणि तुमी म्हणत आले होते. "आदी बंद कर, मग बोल."

मी बंद केलं.

"बसव त्येंना. पाठ टेकू दे. पिशवी बगू नको, तोंड बग. तोंड काय सांगतंय?"

मी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. नळी बसवल्यापासून मी इतक्या जवळून त्यांचं तोंड पहिल्यांदा बघत होतो. भीती होती तिथे, आणि माझ्यावरचा विश्वासही होता, आणि त्या विश्वासाची मला फार लाज वाटली. पाच-सात मिनिटांनी खोकला उतरला. आबांनी तोवर फोन ठेवला नव्हता, आणि ठेवण्याआधी हॉस्पिटलला कळवायला लावलं. सिस्टरने सगळं विचारून घेतलं, दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं. मी शाळेत गेलो नाही.

दुपारी आबा स्वतः हजर. लावणीचे दिवस, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, तसेच शेतातून कामशेतला येऊन गाडी धरली होती. आधी अंगणात पाय धुतले. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. ते उंबऱ्यावर बसले, चहा मागून घेतला, अर्धा कप बशीत ओतून प्यायले आणि म्हणाले, "झाली का चूक? बरं झालं. आता तुमी दुसऱ्याला शिकवाय लायक झाला."

अण्णा आतून म्हणाले, "माझ्यावर शिकतोय तो. माझं काय?"

"तुमी लोकाच्या जिवावर घाट न्हाई का शिकला?" आबा म्हणाले, आणि दोघे हसले. मला हसू आलं नाही. पण त्या दिवसानंतर मी कधी अण्णांच्या तोंडाआधी पिशवीकडे बघितलं नाही.

नळीने अण्णांना बरं केलं नाही. तसं कुणी सांगितलंही नव्हतं. पण ते आडवे होऊन झोपायला लागले. सकाळी काठी घेऊन तळ्याच्या कडेपर्यंत जायला लागले, बंगल्यांच्या कुत्र्यांना शिव्या देत. गणपतीत संध्याने केलेले दोन मोदक त्यांनी बसून खाल्ले. एकदा मी त्यांना स्टेशनवर नेलं. बाकावर बसून त्यांनी घाट चढून आलेली गाडी आणि तिला मागून ढकलत आणणारी इंजिनं बघितली, चहा घेतला, आणि सदऱ्याखाली नळी होती हे त्या तासाभरात ते विसरले होते. मीही विसरलो होतो. हॉस्पिटलात आम्ही त्या काळात फक्त दोनदा गेलो, तेही तपासून घ्यायला.

ऑक्टोबरच्या शेवटी अण्णा थकत गेले. डॉक्टर म्हणाले, आता आणू नका, त्यांना हवं तिथे राहू द्या. शेवटच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला, मी आणि संध्या दोघंही जवळ असताना, अण्णा शांतपणे गेले. स्वतःच्या खाटेवर. त्यांना हवं होतं तसं.

मी सगळ्यांत आधी आबांना फोन केला. भावाबहिणींच्याही आधी. ते औंढ्याला निघालेले, वाटेतच होते. अर्ध्या तासात आले.

तोवर घर माणसांनी भरलं होतं आणि अंघोळ घालायची वेळ झाली होती. नानाकाकांनी अण्णांच्या हातातला गंडा काढला, गळ्यातली माळ राहू दिली, आणि बरगडीवरची पट्टी बघून थबकले. "ही नळी काढा. असं नळीसकट कसं न्यायचं? अंगात परकी वस्तू घेऊन माणूस जातो का कधी?" कुणीतरी म्हणालं, ओढली की येईल. कुणीतरी म्हणालं, बाहेरून कापून टाका. माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. मी नुसता उभा होतो.

आबा गर्दीतून पुढे आले. नानाकाकांना या वेळी बाहेर घालवलं नाही, हात जोडले. "रावसाहेब, ती आत बसलेली हाय, वढून येत न्हाई. कापायची तर कशासाठी? साडेचार म्हैने ह्येंच्यासंगं ऱ्हायली. ह्येंना झोपू दिलं तिनं. परकी कशी? त्येंचीच हाय ती."

नानाकाका खाटेपासून बाजूला झाले.

मग आबा माझ्याकडे वळले. "पट्टी सैल झालीया, अंघोळीत सुटंल. नवी करून द्या. हात धुवा."

मी मोरीत गेलो, कोपरापर्यंत हात धुतले, कोपराने नळ बंद केला. हातमोजे घातले. खोलीत दहा-बारा माणसं होती. मी जुनी पट्टी सोडवली, कातडी ओढली जाऊ नये म्हणून बोटाने दाबून धरत, जसं दर वेळी करायचो तसं. जागा औषधाने आतून बाहेर गोल पुसली. नळीचं वेटोळं करून त्यावर गॉज ठेवलं, चारी बाजूंनी पट्टी बसवली, कडा दाबल्या. माझा हात एकदाही हलला नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आबांच्या आलं.

साडेचार महिन्यांत त्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. 'परत' म्हणत, किंवा गप्प बसत. ते खाटेजवळ आले, पट्टीच्या कडा बघितल्या, आणि म्हणाले, "मास्तर, हात लय चांगला झाला तुमचा."

मी रडलो तो तेव्हा. सकाळपासून डोळ्यांत टिपूस नव्हता. आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून, भरल्या घरात, मी लहान पोरासारखा रडलो. त्यांनी मला थोपटलं नाही की उगी म्हटलं नाही. नुसते उभे राहिले, माझं पुरतं होईपर्यंत.

नंतर ते अण्णांच्या पायाशी वाकले आणि मागच्या अंगणात गेले. संध्याकडून बादलीभर पाणी मागून घेतलं, नेसत्या धोतरावर डोक्यावरून ओतलं, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि पिशवी उचलली. नानाकाका दारातच होते. "अहो, तिरडी उचलायची आहे. थांबायची रीत असते."

"व्हय, रीत हाय," आबा म्हणाले. "मला थांबता येनार न्हाई. माफी करा." आणि निघाले.

आबांना मी प्रत्यक्ष पाहिलं ते शेवटचं. पुढे दोनदा फोनवर बोललो, आणि वैशाखात त्यांच्या मुलाचा फोन आला की झोपेतच गेले. नानाकाका अजून म्हणतात, त्या माणसाने जरा थांबायला हवं होतं. मी त्यांना काही सांगायला जात नाही. मी फाटकापर्यंत गेलो होतो. आबा उतारावरून चालले होते, ओलं धोतर पायांत येत होतं, ते एका हाताने आवरून धरलं होतं, आणि तरी त्या वयात जितकं भराभर चालता येईल तितकं चालत होते. औंढ्याला एक बाई सकाळपासून भरलेलं पोट धरून बसली होती, आणि तिच्या नवऱ्याने अजून नळीला हात लावला नव्हता.